हस्तलिखितांची सूचि, डिजिटल भांडार आणि ग्रंथपालांचें दूरशिक्षण

१. प्रास्ताविक

जुन्या पोथ्या व दप्तरें मिळवून जतन करणें हें एक काम; जें मिळविलें तें काय आहे हें परक्या अभ्यासकासहि कळेल अशा रीतीनें नोंदून ठेवणें हें दुसरें. पहिल्या कामास उत्साह, पायपीट व द्रव्य लागतें. दुसऱ्यास शिकलेला माणूस लागतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिसरें एक काम यांत मिळालें आहे. पोथीच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन तें संगणकाच्या भांडारांत ठेवावें आणि आंतरजालावरून कोणासहि पाहतां यावें, असें त्याचें स्वरूप आहे. हें तिसरें काम यंत्राच्या साहाय्यानें झपाट्यानें होतें. त्यामुळें दुसऱ्या कामाची आतां गरज उरली नाहीं, असा समज पुष्कळ संग्राहकांचा व कांहीं संस्थाचालकांचाहि झालेला दिसतो. तो समज घातक आहे. नोंद नसलेली पोथी कपाटांत जितकी हरवलेली असते, तितकीच नोंद नसलेलें तिचें छायाचित्रहि भांडारांत हरवलेलें असतें, किंबहुना अधिकच. कारण कपाट उघडून चाळतां येतें, पण लाखों चित्रांचें भांडार कोणी चाळीत बसत नाहीं.

केंद्र सरकारनें इ. स. २००३ मध्यें राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलें आणि देशांतील हस्तलिखितांच्या नोंदी ‘कृतिसंपदा’ या नांवाखालीं एकत्र करण्यास आरंभ केला. पुढें इ. स. २०२५ च्या अर्थसंकल्पांत ‘ज्ञानभारतम्’ या नव्या उपक्रमाची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचें सर्वेक्षण, नोंदणी व संरक्षण हें त्याचें उद्दिष्ट सांगितलें गेलें, आणि संस्थांबरोबर खाजगी संग्राहकांचाहि त्यांत उल्लेख झाला. एक कोटि हस्तलिखितांच्या नोंदी करावयाच्या तर त्या करणार कोण, आणि त्यांस शिकविणार कोण, हा प्रश्न आतां टाळतां येण्यासारखा नाहीं. गांवोगांवच्या ग्रंथपालांस एकत्र बोलावून शिकविणें अशक्यप्राय असल्यामुळें आंतरजालावरून शिकविण्याची पद्धति पुढें आली आहे. त्या पद्धतीनें काय साधतें, काय साधत नाहीं आणि शिक्षणाचा आशय कोणता असावा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करावयाचें आहे.

२. पूर्वपीठिका

सूचि करण्याचें शास्त्र आपणांकडे अगदींच नवें नाहीं. इ. स. १८६८ पासून सरकारी आश्रयानें संस्कृत हस्तलिखितांचा शोध सुरू झाला, आणि मुंबई इलाख्यांत ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं तो चालविला. डेक्कन कॉलेजांत जमलेला तो सरकारी संग्रह इ. स. १९१८ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला, आणि त्याच्या वर्णनात्मक सूचींचे खंड तेथून प्रसिद्ध झाले. जर्मन पंडित औफ्रेख्त यानें निरनिराळ्या ठिकाणच्या सूचि एकत्र करून ‘कॅटलोगस कॅटलोगोरम’ ही सूचींची सूचि इ. स. १८९१, १८९६ व १९०३ अशी तीन भागांत छापली. मद्रास विद्यापीठानें त्याच कामाची नवी आवृत्ति इ. स. १९३५ मध्यें हातीं घेतली. मराठी हस्तलिखितांपुरतें बोलावयाचें तर ब्रिटिश म्यूझियममधील संग्रहाची ब्लूमहार्ट यानें केलेली सूचि इ. स. १९०५ मध्यें निघाली. इकडे राजवाड्यांनीं इ. स. १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड काढल्यापासून कागदपत्र छापण्याचा ओघ वाढला. परंतु छापलेल्या कागदाच्या मानानें नुसता नोंदलेला कागद मागेंच राहिला.

ग्रंथपालांच्या शिक्षणाचा आरंभहि मराठी राजाच्या आश्रयानें झाला, हें येथें सांगितलें पाहिजे. सयाजीराव गायकवाड यांनीं अमेरिकेंतून बोर्डेन या ग्रंथपालास इ. स. १९१० मध्यें बडोद्यास आणिलें, आणि इ. स. १९११ मध्यें तेथें ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. पुढें मद्रासेस शि. रा. रंगनाथन यांनीं ‘कोलन वर्गीकरण’ (१९३३) व ‘वर्गीकृत तालिका संहिता’ (१९३४) हे ग्रंथ लिहून या विद्येस स्वतंत्र शास्त्राचें रूप दिलें. असें असूनहि एक वियोग राहिलाच. पंडितांनीं हस्तलिखितांच्या सूचि केल्या, ग्रंथपाल छापील पुस्तकांच्या सूचि करीत राहिले, आणि दोघांची गांठ क्वचितच पडली. आज डिजिटल भांडारानें ती गांठ घालून दिली आहे. भांडाराची चौकट ग्रंथपालाची आहे, तर तींत भरावयाचा ऐवज पंडिताचा आहे.

३. नोंद म्हणजे काय

संगणकांतील नोंदींच्या ज्या पद्धति आज रूढ आहेत, त्यांत सर्वांत सुटसुटीत ती ‘डब्लिन कोअर’ होय. अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या डब्लिन गांवीं इ. स. १९९५ मध्यें भरलेल्या बैठकींतून ती निघाली. तिच्यांत पंधरा रकाने आहेत: शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, स्वरूप इत्यादि. छापील पुस्तकास ते पुरे होतात. पोथीस ते कसे अपुरे पडतात हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल.

समजा, ज्ञानेश्वरीची एक पोथी पुढें आली आहे आणि तिच्या पुष्पिकेंत ‘शके १६९२ विकृति नाम संवत्सर’ असें लिहिलें आहे. ‘दिनांक’ या रकान्यांत काय लिहावयाचें? ग्रंथरचनेचें वर्ष शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. एकनाथांनीं पाठ शुद्ध केला तें वर्ष शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४, आणि पोथीचा पाठ त्या परंपरेचा आहे कीं नाहीं हें अभ्यासकास सर्वांत आधीं जाणावयाचें असतें. प्रत लिहिली तें वर्ष शके १६९२. शिवाय भांडाराचें यंत्र आपण होऊन चित्र चढविल्याचा दिवस लिहितें, तो चौथा. न शिकलेला नोंदकार यांपैकीं हातास येईल तो दिनांक भरतो. मग इ. स. १७७० च्या सुमाराच्या प्रती शोधणाऱ्यास ही पोथी कधींच सांपडत नाहीं. म्हणून रचनाकाल, पाठशुद्धीचा काल, लेखनकाल व चित्रणकाल हे चार निराळे लिहावे, हा पहिला पाठ. तीच गोष्ट ‘कर्ता’ या रकान्याची. ग्रंथकार, टीकाकार व प्रत करणारा लेखक हे तीन निरनिराळे असून पुष्पिकेंत ठळकपणें दिसणारें नांव बहुधा तिसऱ्याचें असतें. तेंच कर्ता म्हणून लिहिलें गेल्याचे प्रकार हस्तलिखितें चाळणारांस नित्य आढळतात.

कालगणनेचें ज्ञान याच्या मागोमाग येतें. शके १६९२ हेंच वर्ष दप्तरांतील कागदावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर ११७१ असें, महसुली कागदावर फसली ११८० असें, आणि राज्याभिषेक शकाच्या हिशेबानें ९७ असें येऊं शकेल. यांच्या वर्षारंभाचे दिवस निरनिराळे आहेत. शकाचा आरंभ चैत्रांत, राज्याभिषेक शकाचा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, तर सुहूर व फसली सन मृगाच्या सुमारास बदलतात. त्यामुळें माघ-फाल्गुनांतील कागद असेल तर इसवी सन १७७० नव्हे, १७७१ लिहावा लागतो. संवत्सराच्या नांवाचाहि उपयोग येथेंच कळतो. अक्षर पुसट असल्यामुळें कोणी १६९२ चे १६६२ वाचले, तर त्या वर्षाचा संवत्सर रौद्र येतो, विकृति येत नाहीं; आणि वाचन चुकलें हें तत्काळ ध्यानांत येतें. म्हणून मूळ शब्द जसेच्या तसे एका रकान्यांत व त्यांवरून काढलेला इसवी सन दुसऱ्या रकान्यांत, असें नेहमीं लिहावें. पहिला रकाना साक्ष आहे, दुसरा अनुमान. अनुमान पुढें दुरुस्त होऊं शकतें. साक्ष हरवली तर मात्र दुरुस्तीचा मार्गच बंद होतो.

नांवांचा घोटाळा याहून मोठा. ज्ञानेश्वर व ज्ञानदेव, ज्ञानेश्वरी व भावार्थदीपिका, रामदास व नारायण सूर्याजी ठोसर हीं एकाच व्यक्तीचीं वा ग्रंथाचीं नांवें आहेत हें आपणांस ठाऊक असतें. यंत्रास तें सांगावें लागतें. उलट नामदेव व विष्णुदास नामा यांचीं पदें एकमेकांत मिसळलेलीं असल्यामुळें ‘नामा’ ही नाममुद्रा पाहून एकाच्याच नांवावर सर्व पदें टाकणें हीहि चूक होय. ग्रंथपालांच्या विद्येंत यासाठीं ‘प्रमाणनामसूचि’ ठेवितात. प्रत्येक व्यक्तीस एक प्रमाण नांव द्यावयाचें, इतर नांवें त्याखालीं नोंदावयाचीं, आणि संशय असेल तेथें ‘संशयित’ असें स्पष्ट लिहावयाचें. शुद्धलेखनाचाहि प्रश्न आहेच. इ. स. १९६२ मध्यें मराठी लेखनाचे नवे नियम आल्यापासून ‘नांव’ चें ‘नाव’ व ‘कांहीं’ चें ‘काही’ झालें. वाचकास दोन्ही एकच, परंतु यंत्रास ते दोन भिन्न शब्द. ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र तर संगणकांत दोन तऱ्हांनीं लिहितां येतो. डोळ्यांस फरक दिसत नाहीं, शोध मात्र निष्फळ होतो. यास्तव एका भांडारानें एकच लेखनरीति ठरवून ती लेखी नियमांत नमूद करावी आणि पोथींतील मूळ लेखन निराळें राखावें.

चौथी गोष्ट बाडांची. मराठी संग्रहांत सुटीं पत्रें असलेल्या पोथ्यांइतकींच बाडें महत्त्वाचीं आहेत. एका बाडांत आख्यानें, अभंग, आरत्या, औषधांचीं टिपणें, जमाखर्च व मधल्या कोऱ्या पानावर एखादी वंशावळ असा सर्व प्रकार असतो. पहिल्या पानावर जें नांव दिसलें तेंच सबंध बाडास दिलें, तर बाकीच्या कृति नोंदीच्या दृष्टीनें मेल्याच. प्रत्येक कृतीची आदि व अंत पत्रांक देऊन पोटनोंद करावी आणि ती मुख्य नोंदीशीं जोडावी. डिजिटल भांडारांत अशी जोडणी सहज करतां येते; परंतु ती करावयाची आहे हें माणसास सुचावें लागतें.

याखेरीज पत्रसंख्या (नसलेल्या पत्रांच्या अंकांसह), लांबी-रुंदी, दर पृष्ठास ओळी व दर ओळीस अक्षरें, लिपि बाळबोध कीं मोडी, कागद कीं ताडपत्र, हरताळ लावून केलेल्या दुरुस्त्या, आरंभ व समाप्तीचीं वाक्यें, पूर्वींच्या मालकांचीं नांवें व कसरीनें झालेली हानि, या गोष्टी नोंदींत याव्या, हें येथील वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं.

४. भांडाराची रचना

डिजिटल भांडार म्हणजे नुसता चित्रांचा ढीग नव्हे. त्यांत तीन वस्तु एकत्र बांधलेल्या असतात: चित्रें, त्यांची नोंद, आणि दोहोंस मिळून दिलेला कायमचा ओळखक्रमांक. हें बांधण्याचें काम करणाऱ्या प्रणाल्यांत ‘डीस्पेस’ ही फार प्रचलित आहे. अमेरिकेंतील एम. आय. टी. ही संस्था व ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनीं ती इ. स. २००२ मध्यें बाहेर काढिली. ती विनामूल्य असून आपल्या देशांतील विद्यापीठांचे प्रबंध ज्या ‘शोधगंगा’ भांडारांत ठेवितात तेंहि तिच्यावरच उभारलेलें आहे. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाची ‘ग्रीनस्टोन’ ही प्रणालीहि लहान संस्थांस उपयोगी आहे.

भांडारें एकमेकांशीं बोलूं शकतात, ही या रचनेंतील खरी किमया. इ. स. २००१ मध्यें ठरलेल्या एका संकेतानुसार एका भांडारांतील नोंदी दुसरें भांडार ठराविक विनंती करून उचलून नेऊं शकतें. चित्रें मूळ ठिकाणींच राहतात. नोंदी मात्र एकत्र येतात. औफ्रेख्तास जें काम वर्षानुवर्षें हातानें करावें लागलें, तें यामुळें यंत्रानें होण्याजोगें झालें आहे. तंजावरच्या सरस्वती महालांतील मराठी पोथी, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांतील बाड व लंडनमधील प्रत एकाच शोधांत शेजारीं शेजारीं दिसूं शकतील. परंतु तिन्ही ठिकाणीं ग्रंथाचें प्रमाण नांव एक असेल तरच. नोंद चुकली असेल तर तीच चूक दहा भांडारांत पोंचते, हेंहि विसरूं नये.

चित्रांच्या बाबतींत थोडक्यांत सांगतों. मूळ प्रत इंचास निदान ३०० ठिपके या मानानें, दाबून लहान न करतां ‘टिफ’ रूपांत ठेवावी. वाचकांस दाखविण्याकरितां तीवरून हलकी प्रत काढावी. चित्रांत मोजपट्टी व रंगपट्टी असावी, कोरीं पृष्ठें व वेष्टनहि गाळूं नये. प्रत्येक फाइलीवरून गणितानें काढलेला एक अंक नोंदून ठेवितात. फाइलींत एक ठिपका जरी बदलला तरी तो अंक बदलतो, व बिघाड झाल्याचें कळतें. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, पैकीं एक निराळ्या गांवीं, असा रक्षणाचा सर्वसामान्य संकेत आहे. ज्यानें कसर व वाळवी यांपासून पोथी राखिली, त्यास हा संकेत समजावून देण्यास वेळ लागूं नये.

मोडी लिपीस इ. स. २०१४ मध्यें युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत स्थान मिळालें. त्यामुळें मोडी मजकूर मोडींतच संगणकावर लिहिणें शक्य झालें आहे. तथापि शोधाच्या सोयीकरितां देवनागरी लिप्यंतर देणें इष्टच.

५. दूरशिक्षण: काय साधतें व काय साधत नाहीं

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठाचा आरंभ जुलै २०१७ मध्यें झाला, आणि तेथें ग्रंथालयशास्त्राचेहि अभ्यासक्रम ठेवण्यांत आले आहेत. अशा शिक्षणाचा लाभ उघड आहे. तालुक्याच्या गांवचा ग्रंथपाल नोकरी न सोडतां शिकूं शकतो, पाठ पुन्हां पाहूं शकतो, आणि सरावाकरितां उभारलेल्या भांडारांत न भितां चुका करूं शकतो. परंतु ज्या वर्गांत व्याख्यानें ऐकवून शेवटीं चार पर्यायांतून उत्तर निवडावयास लावितात, त्या वर्गानें सूचीकार घडत नाहीं. नोंद करणें ही समजूत नसून कसब आहे, आणि कसब हात चालविल्यानें व चुकी दाखविल्यानें येतें.

यास्तव माझ्या मतें अभ्यासक्रमाची मांडणी पुढीलप्रमाणें असावी. एकाच पोथीचीं चित्रें वर्गांतील सर्व विद्यार्थ्यांस द्यावीं आणि प्रत्येकानें दुसऱ्याचें न पाहतां नोंद करावी. मग सर्व नोंदी शेजारीं शेजारीं मांडाव्या. जेथें मतभेद दिसेल तेथेंच खरा पाठ असतो: हा आंकडा ९ कीं ६, हें नांव लेखकाचें कीं मालकाचें, ही समाप्ति ग्रंथाची कीं अध्यायाची. अशी तुलना समोरासमोरच्या वर्गापेक्षांहि आंतरजालावर अधिक सुलभ होते, हा दूरशिक्षणाचा विशेष गुण मानावा. याप्रमाणें एक पोथी, एक बाड, एक मोडी पत्र व एक खंडित पत्रसमूह असे चार प्रकार झाल्यावर विद्यार्थ्यानें स्वतःच्या संग्रहांतील निदान दहा वस्तूंच्या नोंदी कराव्या व त्या दुसऱ्या गांवच्या विद्यार्थ्यानें तपासाव्या. प्रशस्तिपत्र द्यावयाचें तें या नोंदींवर द्यावें. शिक्षक एक नसून दोन असावे: एक ग्रंथालयशास्त्राचा, दुसरा हस्तलिखितें हाताळलेला.

कांहीं गोष्टी मात्र दुरून शिकवितां येत नाहींत. कागद उजेडासमोर धरल्यावर त्यांतील जलचिन्ह दिसतें आणि विलायती कागदाच्या काळाचें अनुमान करतां येतें. समोरून प्रकाश टाकून घेतलेल्या चित्रांत तें उमटत नाहीं. ठिसूळ झालेलें ताडपत्र किती वांकेल, चिकटलेलीं पानें सोडवावीं कीं तशींच ठेवावीं, शाईनें कागद खाल्ला आहे कीं नुसता डाग आहे, हें हातास व डोळ्यास शिकवावें लागतें. म्हणून दूरशिक्षणाच्या अखेरीस निदान एक आठवडा एखाद्या मोठ्या संग्रहांत प्रत्यक्ष काम असलेंच पाहिजे. हा आठवडा खर्चाच्या सबबीवर वगळला जाण्याचा संभव मोठा आहे. आणि तो वगळला गेला तर पोथी उघडतांना तुटेल, चित्र मात्र उत्तम येईल.

६. संग्राहकांचे आक्षेप

खाजगी संग्राहकांस दोन शंका येतात. पहिली अशी कीं, नोंद प्रसिद्ध झाली म्हणजे वस्तु हातची जाईल. वास्तविक स्थिति उलट आहे. इ. स. १९७२ च्या पुरावस्तूंविषयींच्या कायद्यानें पंचाहत्तर वर्षांहून जुनें व मोलाचें हस्तलिखित पुरावस्तूंत गणलें जातें, आणि तें खाजगी रीतीनें देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. चोरीस गेलेली पोथी आपली आहे हें सिद्ध करावयाचें तर पत्रसंख्या, माप, पुष्पिका व डाग यांची पूर्वीं केलेली नोंद हाच पुरावा. ता. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संशोधन मंदिरावर हल्ला होऊन तेथील ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली, ही घटना सर्वांच्या स्मरणांत आहे. अशा प्रसंगीं काय होतें व काय राहिलें याचा हिशेब सूचीवांचून करतांच येत नाहीं.

दुसरी शंका, चित्रें सर्वांस फुकट कां द्यावीं, ही. तीस उत्तर असें कीं, नोंद व चित्र हे दोन निराळे विषय आहेत. भांडारांत नोंद सर्वांस खुली व चित्रें मालकाच्या संमतीनेंच, अशी व्यवस्था ठेवतां येते. मालकाचें गांव व पत्ता गुप्त ठेवूनहि नोंद देतां येते. चित्रें न देणाऱ्या संग्राहकानेंहि नोंद द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. कारण एखाद्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ति करणारास ‘अमुक लेखनकालाची आणखी एक प्रत आहे’ एवढें कळणेंहि कधीं कधीं निर्णायक ठरतें.

७. समारोप

सारांश, डिजिटल भांडारानें सूचीकाराचें काम संपविलें नाहीं, वाढविलें आहे. पूर्वीं सदोष सूचि एका संस्थेच्या कपाटापुरती सदोष असे. आतां तिचे दोष सर्व भांडारांत पसरतात. पूर्वीं निर्दोष सूचीचा लाभ ती विकत घेणाऱ्या शेंपन्नास ग्रंथालयांस होई; आतां तो खेड्यांतल्या अभ्यासकासहि होऊं शकतो. यंत्रें, प्रणाल्या व चित्रें यांकरितां द्रव्य मिळूं लागलें आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्या द्रव्याचा कांहीं वांटा माणसें शिकविण्याकडे वळविला पाहिजे. ज्या संस्थांपाशीं जुने, कसलेले वाचक अद्याप आहेत त्यांनीं त्यांजकडून नोंदींचे नमुने, मोडीचे पाठ व वादग्रस्त वाचनांचीं उदाहरणें आतांच तयार करवून घ्यावीं. कागद आणखी शंभर वर्षें टिकवितां येईल. तो वाचणारा माणूस तितकी वर्षें थांबत नाहीं.